मबिटाच्या भिंतीवरचा कोळी: एवार्का क्युलिसिव्होराचं वर्णन आणि ओळख

व्हिक्टोरिया सरोवराच्या केनियाकडच्या काठावर, रुसिंगा बेटाच्या समोर, मबिटा पॉइंट हे ठिकाण आहे. समुद्रसपाटीपासून उंची साधारण १,२०० मीटर, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला. इथे 'इसिपे' या कीटकशास्त्रीय संस्थेचा थॉमस ओढियाम्बो परिसर आहे. परिसरातल्या घरांच्या भिंतींवर आणि झाडांच्या बुंध्यांवर पाचेक मिलिमीटरचा एक तपकिरी, उडी मारणारा कोळी दिसतो. लांबून पाहिलं तर त्यात नजरेत भरावं असं काही नाही. पण हाच कोळी रक्त प्यायलेल्या डासांच्या माद्या निवडून खातो आणि त्यातून माणसाचं किंवा जनावराचं रक्त स्वतःच्या पोटात घेतो. २००३ साली पोलंडच्या वांदा वेसोवोफ्स्का आणि न्यूझीलंडचे रॉबर्ट जॅक्सन यांनी त्याचं वर्णन करून एवार्का क्युलिसिव्होरा, म्हणजे डास खाणारा एवार्का, असं नाव दिलं. नमुना-स्थळ, म्हणजे वर्णनाचा मूळ नमुना जिथला ते ठिकाण, अर्थातच मबिटा पॉइंट.

प्रसिद्धी आली ती त्यानंतर, 'व्हॅम्पायर कोळी' या नावानं. त्यामुळे एक घोटाळाही आला. जबड्यात डास धरलेला कुठलाही भिंतीवरचा कोळी दिसला की लोक त्याला हे नाव चिकटवतात. हे प्रकरण त्यासाठीच मांडलं आहे. डास खाणं हे या प्रजातीचं वैशिष्ट्य असेल, पण ती तिची ओळख नव्हे. ओळख पटते ती नराच्या पाल्पवर (तोंडाजवळचा पायासारखा अवयव, ज्याच्या टोकानं नर शुक्र मादीत सोडतो) आणि मादीच्या एपिगाइनवर (पोटाखालची जननेंद्रियाची कडक चकती), सूक्ष्मदर्शकाखाली.

दुर्मीळ म्हणजे कुठे?

ही प्रजाती केनिया आणि युगांडात, तीही व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपासच माहीत आहे. जगाच्या नकाशावर हा ठिपका फारच लहान. पण त्या ठिपक्यात शिरलात तर ती सहज सापडते. म्हणून 'दुर्मीळ आहे, एकदोनच नमुने मिळतील' असं धरून चालणं इथे चूक ठरतं. दोन्ही लिंगांचे पुरेसे प्रौढ गोळा करता येतात आणि करायलाच हवेत. कारण या प्रजातीत प्रौढांच्या आकारात नेहमीपेक्षा बराच जास्त फरक असतो. एकच नर, एकच मादी मोजून 'इतक्या मिलिमीटरची प्रजाती' असं लिहिलं तर पुढच्या माणसाला शेजारच्याच भिंतीवरचा लहान नर वेगळ्या प्रजातीचा वाटेल.

सरोवरावर चिलटांचे ढग उठतात, लांबून धुरासारखे दिसणारे. ही चावणारी चिलटं नव्हेत, पण दिसतात डासांसारखीच, आणि डासांच्या कितीतरी पट असतात. कोळ्यापुढे अन्नाची रास पडलेली असताना तो त्यातून मोजके डास वेचतो, म्हणून त्याच्या निवडीला अर्थ आहे.

भिंतीवर: आधी कोण नाही ते ठरवा

पुढच्या ओळीत चार डोळे, त्यातले मधले दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे, हे दिसलं की कुळ साल्टिसिडी, म्हणजे उडी मारणाऱ्या कोळ्यांचं. इथवर कोणीही येतो. या कुळात सहा हजारांहून जास्त प्रजाती आहेत, तेव्हा खरं काम यापुढचं.

आफ्रिकेतल्या घरांच्या भिंतींवर काही जगभर पसरलेले उडी मारणारे कोळीही राहतात. त्यांना आधी बाजूला काढावं. मेनेमेरस बायव्हिटाटस हा मुंबई-पुण्याच्या भिंतींवरही नेहमी दिसणारा. तो आठ-नऊ मिलिमीटरचा आणि अंगानं चपटा असतो, भिंतीला चिकटल्यासारखा चालतो. बाजूनं पाहिलं की शंका राहत नाही. प्लेक्सिपस पायकुली आणखी मोठा, आणि त्याच्या नराच्या काळ्या अंगावर लांबच लांब पांढरे पट्टे असतात. खरा गोंधळ घालतो तो हॅसारियस अडॅन्सोनी. त्याच्या नराच्या चेहऱ्यावर तांबूस मुखवटा असतो, आणि एवार्का क्युलिसिव्होराच्या नराचा चेहराही लाल. समोरून काढलेल्या एकाच फोटोवर हे दोघे अदलाबदल होऊ शकतात. हॅसारियसचे पाल्प मात्र ठळक पांढरे दिसतात आणि पोटाच्या पुढच्या कडेला पांढरी चंद्रकोर असते. म्हणून जिवंत कोळ्याचे किमान तीन फोटो घ्यावेत: समोरून, वरून, बाजूनं. पाल्प स्पष्ट दिसेल असा चौथा मिळाला तर उत्तम. जिवंतपणीचा रंग टिपायची ही एकच संधी असते, कारण अल्कोहोलमध्ये लाल छटा फिकी पडत जाते.

पकडताना चिमटा वापरू नये, पाय तुटतात. कोळ्यावर काचेची किंवा प्लास्टिकची नळी उपडी धरावी आणि भिंत व नळीच्या मधून जाड कागद सरकवावा. एका नळीत एकच कोळी. दोन ठेवले तर संध्याकाळी एकच उरण्याची शक्यता असते, आणि तोही गुटगुटीत.

हाती आलेला प्राणी प्रौढ आहे का, हे इथेच तपासावं. सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो या ठिकाणी. नराच्या शेवटून दुसऱ्या अवस्थेत पाल्पचं टोक फुगलेलं असतं, पण गुळगुळीत असतं, आतले भाग उघडे झालेले नसतात. तशाच अवस्थेतल्या मादीच्या पोटाखाली एपिगाइनची कडक, गडद चकती नसते. अशा पिल्लाला अल्कोहोलमध्ये टाकलं तर एक नमुना वाढतो आणि माहिती काहीच वाढत नाही. त्याला जिवंत ठेवावं, ओल्या कापसाचा बोळा द्यावा, खायला घालावं आणि कात टाकेपर्यंत थांबावं. टाकलेली कातही त्याच नमुन्यासोबत ठेवावी.

अल्कोहोल, चिठ्ठी आणि एक पाय

आकारविज्ञानासाठी ७० ते ७५ टक्के इथेनॉल. ९५ टक्क्यांत ठेवलेला कोळी कडक आणि ठिसूळ होतो. पाल्प फिरवायला गेलं की सांध्यातून मोडतो. डीएनएसाठी मात्र तीव्र इथेनॉलच लागतं. दोन्ही साधायचं तर पकडल्यावर एका बाजूचे एक-दोन पाय काढून ९५ टक्क्यांहून जास्त तीव्रतेच्या इथेनॉलमध्ये, शक्य तर उणे २० अंशांवर ठेवावेत आणि बाकी शरीर ७५ टक्क्यांत. दोन्ही नळ्यांवर एकच क्रमांक.

या प्रजातीबाबत पायच का, याला खास कारण आहे. कोळ्याच्या पोटात डास असतो आणि डासाच्या पोटात गाईचं किंवा माणसाचं रक्त. पोटाचा तुकडा घेऊन नेहमीच्या एलसीओ १४९० आणि एचसीओ २१९८ या प्रायमर-जोडीनं (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवण्यासाठी लागणारे छोटे धागे) प्रजाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या सीओआय जनुकाचा ६५८ बेसचा तुकडा वाढवला तर कोळ्याऐवजी डासाचा क्रम हाती येऊ शकतो, किंवा दोन्ही एकमेकांत मिसळून वाचता न येणारा गोंधळ. ज्याच्या आहारावरच अभ्यास चालला आहे त्याच्या आहारानंच नमुना दूषित व्हावा, हे काहीसं गमतीचं आहे, पण पैसे वाया जातात ते खरेच.

चिठ्ठी नळीच्या आत टाकायची, बाहेर चिकटवायची नाही. पेन्सिलनं किंवा अल्कोहोलमध्ये न विरघळणाऱ्या शाईनं लिहायची. बॉलपेनची शाई विरघळते आणि मग नमुना निनावी होतो. तिच्यावर देश, ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव हवं, आणि 'भिंत', 'बुंधा' की 'गवत' हेही. केनियातून नमुने घ्यायचे आणि बाहेर न्यायचे तर संशोधनाचा परवाना आधी लागतो. नंतर कागद जमवू म्हटलं तर चांगलं संग्रहालय ते नमुने ठेवून घेत नाही.

टेबलावर

स्टिरिओ सूक्ष्मदर्शक किमान ४० ते ६० पट मोठं दाखवणारा हवा, आणि एपिगाइनसाठी वेगळा संयुक्त सूक्ष्मदर्शक, १०० ते २०० पटीचा. बशीत बारीक स्वच्छ वाळू किंवा काचेचे मणी घालून वर अल्कोहोल ओतावं. कोळी त्या वाळूत रोवून हव्या त्या कोनात उभा करता येतो. हे साधं वाटतं, पण निम्मी चुकीची चित्रं कोन हलल्यामुळेच होतात.

मोजमापं: शिरोवक्षाची (डोकं आणि छाती मिळून झालेल्या पुढच्या भागाची) लांबी, रुंदी, उंची, डोळ्यांच्या क्षेत्राची लांबी आणि पुढची-मागची रुंदी, पोटाची लांबी-रुंदी. यातलं तुलनेला उपयोगी पडतं ते शिरोवक्ष. पोट खाण्याप्रमाणे फुगतं आणि बसतं. रक्तानं भरलेला डास नुकताच खाल्लेली मादी आणि चार दिवसांची उपाशी मादी यांच्या एकूण लांबीची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

मग जबडे उघडून खालच्या खोबणीच्या मागच्या कडेवरचे दात पाहायचे: एकच दात, एकाच बुडातून निघालेलं दुहेरी टोक, की दातांची रांग. ही जुनी त्रिविभागणी आज वर्गीकरणाचा पाया मानली जात नाही, तरी चाळणी म्हणून अजून उत्तम चालते. एवार्कात मागच्या कडेवर एकच दात असतो. दुहेरी टोक दिसलं तर तिथेच थांबून दुसरा वंश शोधावा.

नराचा पाल्प डावा घ्यायचा, हा रिवाज आहे. बहुतेक प्रकाशित चित्रं डाव्याची असल्यानं तुलना सोपी जाते. उजवा घ्यावा लागला तर चित्र आरशातल्यासारखं उलटवून तसं स्पष्ट लिहावं. दोन दृश्यं हवीतच, खालून आणि बाहेरच्या बाजूनं. पाहायचं ते हे: एम्बोलस, म्हणजे शुक्र सोडणारी बारीक नळी, कुठून निघतो, किती जाड आहे, कुठल्या बाजूनं वळतो, टोक कसं संपतं; बल्बचा, म्हणजे पाल्पच्या टोकाच्या गोळ्याचा, फुगीर भाग मागे किती लोंबतो; आणि टिबियावरचा (पाल्पच्या टोकाआधीच्या पेरावरचा) बाहेरचा काटा लांब आहे की आखूड, सरळ की वाकडा, टोकाशी गुळगुळीत की दातेरी. हा काटाच सर्वांत जास्त फसवतो. पाल्प थोडासा कलला तरी आखूड काटा लांब दिसतो आणि वाकडा सरळ. म्हणून खालून पाहताना पाल्पच्या दोन्ही कडा सारख्या दिसेपर्यंत तो वाळूत फिरवत राहावा, मगच पेन्सिल हातात घ्यावी. कधीकधी नमुन्यात बल्ब फुगून बाहेर आलेला असतो आणि एम्बोलस जागेवरून फिरलेला. असा पाल्प मूळ चित्राशी जुळत नाही म्हणून 'नवी प्रजाती' जाहीर करायची नसते. दुसरा नर घ्यायचा.

मादीचं काम जास्त नाजूक. एपिगाइन पोटाच्या त्वचेसकट बारीक सुईनं चारी बाजूंनी कापून काढायचं. आतल्या नलिका दिसण्यासाठी भोवतालचं मांस विरघळवावं लागतं. त्यासाठी १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड कोमट करून वापरतात, किंवा लॅक्टिक आम्लात ठेवतात. कोमट हायड्रॉक्साइडात दर दोन-तीन मिनिटांनी बाहेर काढून पाहावं. आधी पांढुरकं मांस गढूळ होतं, मग सुटं होऊन बारीक केसानं हलवलं तरी निघतं, आणि तपकिरी शुक्रकोश दोन मण्यांसारखे स्वच्छ दिसू लागतात. इथे थांबायचं. पुढे गेलं तर पातळ नलिका इतक्या पारदर्शक होतात की दिसेनाशा होतात, काही वेळा चेपतातही. मग क्लोराझोल ब्लॅकनं रंगवून थोडंफार वाचवता येतं. झाल्यावर पाण्यात धुवावं, नाहीतर हायड्रॉक्साइड आतून काम करतच राहतं. चित्र खालून आणि वरून, दोन्ही बाजूंनी काढायचं: प्रवेशछिद्रं कुठे आहेत, मागच्या कडेचे खिसे कुठे, नलिका किती वळसे घेतात. काही कोळ्यांच्या माद्यांत मीलनानंतर छिद्रांत गडद, घट्ट बूच बसतं. न साफ करता चित्र काढलं तर ते बूच एपिगाइनचाच भाग म्हणून छापलं जातं. काम संपल्यावर एपिगाइन इवल्याशा नळीत घालून ती नळी त्याच मादीच्या नळीत. वेगळ्या डबीत ठेवलेलं एपिगाइन हे हरवलेलं एपिगाइन समजावं.

आता ही चित्रं २००३च्या मूळ वर्णनातल्या चित्रांशी लावून पाहायची. बर्नच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या 'वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग'वर नोंदणी केली की जुनी-नवी वर्णनं उतरवून घेता येतात. तुलना फक्त याच प्रजातीशी करून थांबू नये. आफ्रिकेतल्या बाकी एवार्कांशीही करावी. फ्रेंच कोळीतज्ज्ञ सिमोननं १९०२ साली मांडलेला हा वंश युरोपातल्या एवार्का फाल्काटावर बेतलेला आहे आणि त्यात पुढे दूरदूरच्या प्रजाती येऊन पडल्या आहेत. वंशाच्या सीमा सैल आहेत, म्हणून वंश जुळला यावर समाधान मानण्यात हशील नाही.

नाव टिकायला काय लागतं

मबिटाच्या भिंतीवरचा कोळी कशाशीच जुळत नव्हता, तेव्हा त्याला नाव देणं भाग होतं. प्राणिनामकरणाच्या संहितेची चौथी आवृत्ती २००० पासून लागू आहे. तिच्यानुसार नाव नवं असल्याचं स्पष्ट लिहावं लागतं, इतरांपासून वेगळेपण सांगणारं वर्णन द्यावं लागतं, एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधार ठरणारा नमुना, म्हणून ठरवावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाईल हे सांगावं लागतं. केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकांना २०१२पासून मान्यता आहे, पण झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत नोंद असेल तरच. २००३चं हे वर्णन 'आनालेस झूलॉजिची' या पोलिश नियतकालिकात छापलं गेलं. जेमतेम चार पानांचं आहे. चार पानं पुरतात, चित्रं नीट असली तर. ठाण्याच्या परिसरातून २०२१ साली वर्णन झालेला आणि तुकाराम ओंबळे यांचं नाव मिळालेला आयसियस तुकारामी हाही याच चाकोरीतून गेला आहे.

वर्तन: नावानंतरची साक्ष

नाव पक्कं झाल्यावर २००५ साली जॅक्सन, झिमेना नेल्सन आणि गॉडफ्री सुने यांनी रक्ताच्या निवडीचा पुरावा मांडला. प्रयोगात मेलेले कीटक जिवंत असल्यासारख्या पवित्र्यात बुचाच्या चकतीवर बसवले. वास लपवला तेव्हा कोळ्यानं नुसत्या नजरेनं निवड केली, आणि काही दिसत नसताना नुसत्या वासानंही. पुढच्या प्रयोगांत वेगवेगळ्या डासांचे भाग जोडून तयार केलेले डास आणि पडद्यावरचे आभासी डास दाखवले. त्यातून दिसलं की कोळी फुगलेलं लाल पोट तर पाहतोच, शिवाय मिशाही पाहतो. नर डासाच्या मिशा झुपकेदार असतात, मादीच्या विरळ, आणि रक्त पिते ती मादीच.

हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस डास बसतो तो पोट वर उचलून, तिरका. हीच खूण कोळ्याची लहान पिल्लं धरतात. पिल्लू समोरून जात नाही. वळसा घालून डासाच्या मागे येतं, उचललेल्या पोटाखाली शिरतं आणि तिथून वर झेप घेऊन पोटालाच दात रोवतं. डास उडाला तरी पिल्लू लोंबकळत सोबत जातं.

रक्ताचा आहार घेतलेल्या कोळ्याचा वास जोडीदाराला जास्त आवडतो, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. या कोळ्याला दोन झाडांचा वासही खेचतो: एरंड आणि घाणेरी, म्हणजे आपल्याकडच्या डोंगरउतारांवर माजलेली टणटणी. गोळा करायला गेलात तर भिंतींइतकंच या झुडपांकडे लक्ष द्यावं. माणसाच्या पायात घातलेल्या मोज्यांच्या वासाकडेही तो जातो, पण माणसाला चावून रक्त पिण्याजोगं त्याचं तोंड नाही. हिवतापावरचा उपाय म्हणून त्याच्याकडे पाहणाऱ्यांनी मच्छरदाणी आवरून ठेवू नये.

या सगळ्या प्रयोगांना आधार आहे तो संग्रहात ठेवलेल्या नमुन्यांचा. प्रयोगासाठी वाढवलेल्या वसाहतीतून प्रत्येक वेळी काही प्रौढ नर-माद्या अल्कोहोलमध्ये जपून ठेवाव्यात. उद्या कोणी म्हणालं की त्या भिंतीवर एकसारख्या दिसणाऱ्या दोन प्रजाती होत्या, तर नळी उघडून पाल्प पाहता येतो. फोटो आणि चलचित्रांतून हे होत नाही.

हाती फक्त पिल्लू असेल आणि ते ॲनोफिलिसच्या पोटाखाली शिरतानाही दिसलं असेल, तर व्हिक्टोरियाच्या काठावर ते एवार्का क्युलिसिव्होरा असण्याची शक्यता दांडगी आहे. तरीही चिठ्ठीवर 'एवार्का सीएफ. क्युलिसिव्होरा, अप्रौढ' एवढंच लिहावं ('सीएफ.' म्हणजे 'याच्याशी ताडून पाहा', ओळख पक्की नाही) आणि वर्तनाची नोंद खाली वेगळी करावी. सरोवरापासून दूरची नोंद असेल तर प्रौढ नराच्या पाल्पशिवाय ती वितरणाच्या नकाशात घालू नये.